मशिनं बंद असण्याचा दिवस

पुण्यात हौसेनं जर्मन शिकलेल्या मुली ढिगानं सापडतात. त्या भाषेचा पुढे कशाला तरी उपयोग झालेल्या मुली मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. त्या मोजक्यांत माझा नंबर लागला तो गाझियाबादमुळे. नवऱ्याची नोकरी गुरुग्रामला, आम्ही एकविसाव्या मजल्यावर, मुलगी शाळेत, आणि मी दिवसभर समोरच्या टॉवरच्या खिडक्या बघत बसलेली. मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात एक काकू भेटल्या. त्यांच्या मिस्टरांच्या कारखान्यात जर्मन येणारं माणूस हवं होतं. काकूंची पैठणी आणि कानातल्या कुड्या बघून कारखाना बरा चालत असावा एवढं मी ताडलं. प्रत्यक्षात गाझियाबादच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचे एकाला लागून एक असे तीन कारखाने होते.

मुलाखत काकांनी चालता चालता घेतली. मशिनांच्या आवाजात ते ओरडून विचारत होते, मी ओरडून उत्तरं देत होते. गिअर म्हणजे गाडीतला दांडा, एवढंच मला तोवर माहीत होतं. त्यांनी एक चकचकीत पिवळं दातेरी चाक माझ्या हातात ठेवलं. ते इतकं जड होतं की माझे दोन्ही हात खाली गेले.

"हा लिफ्टचा गिअर. ब्राँझ. तू एकविसाव्या मजल्यावर राहतेस ना? मग रोज अशाच कशाच्या तरी भरवशावर वर जातेस."

मी "हो सर" म्हटलं.

"सर म्हणणारे इथं पुष्कळ आहेत यार. तू काका म्हण."

दोन मेट्रो आणि एक ऑटो असा प्रवास करून मी रोज जायला लागले आणि आठवड्याभरात त्या जागेच्या प्रेमात पडले. घरी आल्यावर नवऱ्याला गिअरचे दात कसे कापतात ते पोळीवर काढून दाखवायची. तो म्हणायचा, "बाईसाहेब, भाजी वाढा आधी."

काका श्रीमंत होते आणि ते लपवत नव्हते. मला ही गोष्ट फार आवडायची. साधेपणाचा आव आणणारे धनिक मी बरेच पाहिलेत. काकांना नव्या गाडीचा वास आवडायचा, चष्म्याच्या फ्रेम ते ऋतू बदलावा तशा बदलायचे, गोल्फ क्लबाचे सदस्य होते पण काठी कधी हातात धरली नव्हती. तिथला नाश्ता चांगला असतो म्हणून रविवारी जायचे. सोमवारी संतापून एखाद्याला कामावरून काढायचे आणि मंगळवारी तो कुठं दिसत नाही म्हणून पुन्हा संतापायचे. गाडी स्वतः चालवायचे, आणि अशी की शेजारी बसणाऱ्याला देव आठवावा.

त्यांची कहाणी मी त्याच गाडीत ऐकली, तुकड्यातुकड्यांनी, सिग्नलला सिग्नलला. सांगलीकडचा मुलगा, आयटीआयचा टर्नर. दिल्लीत मामा सरकारी कारकून, त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपायची सोय. मामांची इच्छा भाच्यानं खात्यात चिकटावं. भाचा परीक्षेला म्हणून निघाला आणि वाटेत एका वर्कशॉपमधून लेथचा आवाज आला म्हणून आत शिरला. परीक्षा राहिली ती राहिलीच. मामा सहा महिने बोलले नाहीत. मग मायापुरीच्या भंगार बाजारातून मोडकं लेथ, गाझियाबादला पत्र्याची एक खोली, आणि उत्तर प्रदेशातल्या बलियाहून आलेला एक पोरसवदा कारागीर, जो काकांपेक्षा चार वर्षांनी लहान पण हातानं चार पट हुशार. पहिली मुलगी हिंदूराव हॉस्पिटलात झाली त्या दिवशी काका स्कूटरचे गिअर पोत्यात घालून बसनं पोचवायला गेले होते आणि तसेच, तेलकट हातांनी, दवाखान्यात गेले. नर्सनं बाळ हातात दिलं नाही. आधी साबण दिला. पुढे पाण्याचे पंप, ट्रॅक्टर, मग लिफ्ट. एकाचे तीन कारखाने झाले.

"मग आता राहिलं काय?" मी एकदा विचारलं होतं.

कारखान्यात पोचल्यावर काका मला पॅकिंगच्या टेबलापाशी घेऊन गेले. तयार गिअर ओळीनं मांडलेले होते आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या मोठ्या कंपनीचं नाव कोरलेलं होतं. माल काकांचा, ठप्पा गिऱ्हाइकाचा, हा त्या धंद्याचा रिवाजच. चाळीसहून जास्त वर्षांत त्यांचा एकही गिअर त्यांच्या स्वतःच्या नावानं जगात गेला नव्हता.

"हे राहिलं," ते म्हणाले.

म्हणून त्या उन्हाळ्यात जेव्हा एका जर्मन कंपनीचं पत्र आलं, तेव्हा मी ते तीनदा वाचलं. लिफ्टसाठी गिअर हवे होते, आणि त्यांच्याकडे नियम उलटा होता. ज्यानं बनवलं त्याचंच नाव गिअरवर पाहिजे, म्हणजे उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण ते कळेल. अट एकच. त्यांची दोन माणसं येणार आणि ब्राँझच्या ओबडधोबड रिंगपासून तयार होईपर्यंत एक गिअर डोळ्यांदेखत बनताना बघणार. मी ते काकांना मराठीत वाचून दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि म्हणाले, "नावाची ओळ परत वाच."

तारीख ठरवायचं काम माझं. सप्टेंबरमधले कुठलेही दोन दिवस त्यांना चालणार होते. काका तेव्हा मशीन खरेदीसाठी परदेशात होते, फोनवर म्हणाले, "गणपती सोडून कुठलाही दिवस दे. गणपतीत मी कुणाचा नाही." मी पंचांग काढलं, विसर्जन बघितलं, रविवार टाळला, आणि विसर्जनानंतर लगेचचा दिवस दिला, सतरा तारखेचा. वर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आग्र्याला न्यायला पहाटेची गाडीसुद्धा सांगून ठेवली. इतकं चोख काम केल्याबद्दल मी स्वतःलाच शाबासकी दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

विसर्जनाला चार दिवस राहिले असताना मी ही बातमी द्यायला मशीनपाशी गेले. बलियाचा तो पोरसवदा कारागीर आता साठी उलटलेला होता. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत आणि दात कापायचं मोठं मशीन त्यांच्याकडे होतं. मी मोठ्या उत्साहानं तारीख सांगितली. त्यांनी कापडानं हात पुसले आणि शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"मैडम, सत्रह को तो विश्वकर्मा पूजा है। उस दिन मशीन को हाथ नहीं लगाते।"

आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. लहानपणी शिवणयंत्राला हळदकुंकू वाहून सुई चालवायची नाही, हे मला पाठ होतं. पण ती पूजा इथं महिनाभर आधी आणि ठरलेल्या तारखेला होते, हे गुरुग्रामच्या टॉवरमध्ये कोण सांगणार? प्लान्ट मॅनेजर तमिळ, त्यांचीही आयुधपूजा दसऱ्यालाच; मी पाठवलेली मेल त्यांनी वाचून "व्हेरी गुड" असं उत्तर दिलं होतं. आपला सण टाळण्याच्या नादात मी नेमका दुसऱ्याच्या सणावर पाय दिला होता.

"नहीं ही चलेगी?" मी विचारलं.

"बड़े साहब कहेंगे तो चला देंगे," उस्तादजी म्हणाले. "पर आप उनसे कहलवाइए मत।"

मी लगोलग जर्मनीला लिहिलं. उत्तर तासाभरात आलं: दिवस बदलता येणार नाही, सतराला तुमचा कारखाना, अठराला आग्रा, आणि त्यानंतर लगेच पुण्याजवळचा दुसरा एक गिअरचा कारखाना बघायचा आहे. माझ्याच पुण्याच्या. मला रडू आलं, आणि रागही आला, तो सगळा स्वतःचा.

काका परदेशातून गणपतीसाठी परतले होते. मी त्यांच्या दक्षिण दिल्लीतल्या बंगल्यावर गेले तेव्हा आरती चालू होती. काका टाळ घेऊन सर्वांत पुढे, डोळे मिटलेले. मी मागं उभी राहून शब्द जुळवत होते. आरती संपली, काकूंनी माझ्या हातात मोदक ठेवला, आणि मी तो खाण्याआधीच सगळं सांगून टाकलं.

काकांनी टाळ खाली ठेवले. रागावतील असं वाटलं होतं. ते स्वतःवरच चकित झालेले दिसले.

"अगं, पण मला कसं सुचलं नाही? मी ती पूजा तारीख म्हणून कधी बघितलीच नाही. उस्ताद लाडू घेऊन केबिनमध्ये येतो तेव्हा मला कळतं आज पूजा."

"मॅनेजर म्हणतात दुप्पट पगार दिला तर माणसं येतील."

"येतील ना. बिल्कुल येतील." ते सोफ्यावर बसले. "पहिल्या वर्षी मी चालवलं होतं लेथ त्या दिवशी. माल अर्जंट होता. म्हटलं, आपली पूजा खंडेनवमीला, आपल्याला काय. एकटाच आत. दुपारी बाहेर आलो तर उस्ताद आणि आणखी चौघं दाराबाहेर उन्हात उभे. आत पाऊल टाकलं नाही कुणी. मला बघितलं आणि लाडू पुढे केला. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

खोलीत पाहुणे होते, मुलं होती, कुणी तरी मोबाइलवर गणपतीचा फोटो काढत होतं. मग काका म्हणाले, "मशीन चालणार नाही. त्यांना तसं लिही. म्हणावं, तरी या."

"आणि ते थेट पुण्याला गेले तर?"

"तर जातील. चांगला कारखाना आहे तो." एवढं बोलून ते पुढच्या खोलीत गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, अशी संधी पुन्हा यायची नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी मोदक हातात घेऊन उभी होते आणि मला वाटत होतं, या माणसाचं नाव मी पुसलं.

ते पत्र लिहायला मला तीन तास लागले. विश्वकर्मा म्हणजे कोण, हे जर्मनमध्ये सांगून बघा एकदा. उत्तर दोन वाक्यांचं आलं. तिकिटं काढलेली आहेत. येतो.

सतरा तारखेला मी आठ वाजता पोचले आणि दारातच थबकले. आठ महिन्यांत मी तो हॉल कधी गप्प ऐकला नव्हता. छपरात चिमण्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. फरशी धुतलेली, मशिनांची सगळी झाकणं उघडलेली, आतला प्रत्येक भाग पुसून तेल लावून चमकवलेला, झेंडूच्या माळा, हत्यारं कापडावर ओळीनं मांडलेली. आणि माणसं सहकुटुंब. एरवी निळ्या कपड्यांत दिसणारे लोक इस्त्रीचे शर्ट घालून आपापल्या मशीनशेजारी उभे होते आणि बायकांना, आयांना सांगत होते, मी इथं उभा राहतो, हे फिरवतो, हे असं कापतं.

पाहुणे दोघं. एक पन्नाशीच्या बाई, आखूड पांढरे केस, चेहऱ्यावर हसू नाही. बरोबर एक तरुण इंजिनिअर, गळ्यात कॅमेरा. बाईंनी हॉलवरून नजर फिरवली आणि मला जर्मनमध्ये विचारलं, "हे नेहमी इतकं उघडं असतं?"

"वर्षातून एकदाच."

त्यांनी जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, बॅगेतून टॉर्च काढला आणि चक्क गुडघ्यांवर बसून दात कापायच्या मशीनच्या आत डोकं घातलं. उस्तादजींनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. एक मशीन झालं की पुढचं. कुठं किती झिजलंय, कुठला भाग कधी बदललाय, मी दोन्ही बाजूंनी भाषांतर करत धावत होते. जर्मनमधून हिंदीत, हिंदीतून जर्मनमध्ये, मधूनच काकांसाठी मराठीत. एकदा उस्तादजींना मी चुकून जर्मनमध्येच विचारलं आणि त्यांनी खाली वाकून बघत "जी" म्हटलं. एक कारागीर आपल्या सासूबाईंना समजावत होता, बाईंनी ते मुद्दाम मला भाषांतर करायला लावलं. तो सांगत होता, "अम्मा, यहाँ बाल बराबर भी चूक हुई तो लिफ्ट ऊपर जाते हुए रोती है।" बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

दोन तासांनी त्या उठल्या. पॅन्टच्या गुडघ्यांना तेल. उस्तादजींनी लाडू पुढे केला, त्यांनी तेलकट हातानंच घेतला आणि संपवला. मग काकांना म्हणाल्या, "मशिनं उत्तम ठेवलीत. पण मला ती चालताना बघायची आहेत."

"उद्या सकाळी सहा," काका इंग्रजीत म्हणाले.

बाईंनी तरुणाकडे बघितलं. आग्र्याची गाडी पहाटे पाचला निघणार होती. बिचाऱ्याचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, "सहा वाजता येतो." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, मी जॅकेट परत दिलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मला गुरुग्रामहून अंधारात गाडीनं आणून सोडलं. पावणेसहाला हॉल भरलेला. दुसऱ्या पाळीचेही लोक आले होते, कुणी बोलावलं नसताना. दिवे लागले, मशिनं सुरू झाली, पायांखालची जमीन थरथरायला लागली. रिंग मशीनवर चढली. ब्राँझचा पिवळा चुरा उडायला लागला, एकेक दात उमटत गेला. काका हात मागं बांधून उभे, पापणी लवत नव्हती.

गिअर उतरला. उस्तादजींनी तो उचलला, दातांवरून नख फिरवलं, उजेडात धरला. मग खिशातून लाल खडू काढला, त्यावर फुली मारली आणि भंगाराच्या पिंपात टाकला. मोजलासुद्धा नाही.

मॅनेजरनी डोळे मिटून घेतले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उस्तादजींना विचारलं, क्या हुआ.

"पहला पीस मशीन का होता है, मैडम, ग्राहक का नहीं। कल पूरा दिन सोई है, अभी ठंडी है। बोल दीजिए, दूसरा देंगे।"

मी सांगितलं. अट एका गिअरची होती आणि तो पिंपात पडला होता. उस्तादांच्या हातातून टाकला गेलेला माल काकांनी आजवर कधी परत उचलला नव्हता. बाई मात्र पिंपापाशी गेल्या, वाकून तो फुली मारलेला गिअर बाहेर काढला आणि स्वतः मोजायच्या टेबलावर नेला. यंत्राची सुई दातांवरून सरकत गेली. बाईंनी आकडा बघितला, पुन्हा मोजलं. तो ठरलेल्या मापाच्या किंचित बाहेर होता. त्यांनी आपणहून जाऊन तो परत पिंपात ठेवला.

दुसरा गिअर उतरला, मोजला, बरोबर निघाला. तिसराही त्यांनी बघितला. जाताना उस्तादजींशी हात मिळवला आणि मला म्हणाल्या, "मला आतापर्यंत सगळ्यांनी चांगले गिअर दाखवले. वाईट गिअर पहिल्यांदाच कुणी दाखवला." मग त्या पुण्याला गेल्या.

पुढचे तीन आठवडे मी दर दहा मिनिटांनी मेल बघत होते. काका विचारत नसत, पण माझ्या टेबलाजवळून दिवसातून सहा वेळा जात. मेल आली तेव्हा ते हॉलमध्ये होते. मी धावत गेले, ओरडले. मशिनांच्या आवाजात काहीच ऐकू जाईना. शेवटी लॅपटॉपच त्यांच्यासमोर धरला आणि नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांना जर्मन येत नव्हतं. पण मध्येच आपलं नाव इंग्रजी अक्षरांत दिसलं, तेवढं त्यांना पुरलं.

पहिल्या गिअरवर नाव कोरायला मशीन होतं. काका म्हणाले, हा हातानं. ठप्पा आणि हातोडा मागवला. ठप्पा धरायला अर्थात उस्तादजी. ते खाली उकिडवे बसले, गिअरवर ठप्पा टेकवला, दोन बोटांत घट्ट धरला. काकांनी हातोडा उचलला आणि तसाच वर धरून ठेवला. तीन कारखाने उभे करणाऱ्या माणसाचा हात थरथरत होता. हॉलमधले सगळे आमच्याभोवती गोळा झाले होते. हातोडा खाली येईना.

"मारिए," उस्तादजी वर न बघता म्हणाले. "उँगलियाँ मेरी हैं, काँप आप रहे हैं।"

काकांनी मारला. उस्तादजींनी ठप्पा बाजूला केला. अक्षरं किंचित तिरकी उमटली होती. काकांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला, चष्मा काढला, काचा पुसल्या, पुन्हा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग मला म्हणाले, "वाच गं. मला दिसत नाहीये."

मी नाव वाचलं. मागं उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून उस्तादजी म्हणाले, "ज़ोर से।" मी पुन्हा, जितक्या जोरात ओरडता येईल तितक्या जोरात वाचलं.